शब्द हवा आहे : 'इरेजर पोएट्री'

मुक्ता_ज :
दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. आजचे अमेरिकन कवी एकोणिसाव्या शतकातल्या एमिली डिकिन्सनकडे पुन्हा पुन्हा कसे जातात, असा विषय आहे. 'इरेजर पोएट्री'पाशी येऊन अडले. दुसऱ्याचा छापील मजकूर घ्यायचा, त्यातले बरेचसे शब्द उडवायचे आणि उरतील त्यांची कविता. पदरचा शब्द घालायचा नाही.

जॅनेट होम्स या कवयित्रीने डिकिन्सनच्या 1861-62 मधल्या कवितांवर हा प्रयोग केला, पुस्तक 2009 चं. 1861 ला अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं. होम्सने राखलेल्या शब्दांतून इराकचं युद्ध बोलू लागतं. पुस्तकाचं नावही तिने असंच काढलंय. 'द पोएम्स ऑफ एमिली डिकिन्सन' घ्या. पोएम्समधले शेवटचे एम आणि एस राखा, एमिलीमधले एम आणि वाय, डिकिन्सनमधलं नुसतं 'किन'. उरतं 'द एमएस ऑफ माय किन', म्हणजे माझ्या आप्तांचं हस्तलिखित! हे वाचल्यापासून मी या प्रकाराच्या प्रेमात आहे.

मी 'खोडकविता' लिहिलं होतं, संपादकांनी 'पुसकविता' केलं. मला दोन्ही पटत नाहीत. काय म्हणावं?

सुधाकाकू :
'पुस' नको गं. पुसलं म्हटलं की माझ्या पिढीला आधी कुंकू आठवतं. आमच्या घरात बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचे. कवितेच्या नावात तो शब्द बघवणार नाही.

अक्षरवेध :
संस्कृतात तयार शब्द असताना शोधाशोध कशाला? 'लोपकाव्य' म्हणा. पाणिनीने लोपाची व्याख्या दोन शब्दांत केली आहे : 'अदर्शनं लोपः'. लोप म्हणजे नाश नव्हे, न दिसणं. पुढे 'प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्' हे सूत्र येतं. प्रत्यय गेला तरी त्याचं कार्य मागे राहतं. मुक्ताताई, तुम्ही वर जे वर्णन केलंत तेच हे नाही का? डिकिन्सनचे शब्द दिसत नाहीत, पण कार्य करत राहतात.

मुक्ता_ज :
सूत्र अप्रतिम आहे, लेखात तळटीप म्हणून नक्की घालते. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला 'लोपकाव्य' वाचून काही कळेल का?

वैनगंगा :
कळण्याचं सोडा, 'लोप'ला माझा वेगळा आक्षेप आहे. लोप पावतो, आपोआप. त्याला कर्ता नसतो. इंग्रजीत 'इरेजर' हा शब्द माणसांना इतिहासातून काढून टाकण्यासाठीही वापरतात, आणि तिथे कर्ता असतोच. कवयित्री ट्रेसी के. स्मिथची 'डेक्लरेशन' ही कविता वाचा, 2018 च्या संग्रहात आहे. अमेरिकेचा 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा घेतलाय. इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींची वाक्यं तिने मध्येच तोडली आहेत. 'त्याने आमचं लुटलं' इथे ओळ थांबते, काय लुटलं ते येतच नाही. बघता बघता तक्रार वसाहतवाल्यांची उरत नाही, गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणलेल्यांची होते. जाहीरनाम्याने ज्यांना मोजलंच नाही त्यांचा आवाज त्याच्याच शब्दांतून निघतो. याला 'लोप' कसं म्हणणार? आपण 'नाव पुसून टाकलं' म्हणतो त्यात पुसणारा हात दिसतो. सुधाकाकू, तुम्हाला खटकतं तेच मला हवंय. शब्द अशुभ वाटतो, कारण कृतीच तशी आहे.

सुधाकाकू :
तुझं म्हणणं समजलं. तरी शीर्षकात नको.

शाळामास्तर :
'पुसणे'ला दुसरा अर्थही आहे की. आमच्याकडे अजून म्हणतात, 'त्याला पुसून ये', म्हणजे विचारून ये. 'आम्हाला कोण पुसतंय' यातही तोच. विचारणं ते पृच्छतिवरून आणि पाटी पुसणं ते प्रोञ्छतिवरून, दोन वेगळ्या मुळांचा मराठीत येऊन एक आकार झाला. 'पुसकविता' म्हणजे जुन्या कवीला पुसलेली कविता! याहून चांगला शब्द मिळायचा नाही.

अक्षरवेध :
व्युत्पत्तीचा योगायोग म्हणजे अर्थ नव्हे, मास्तर. वाचकाच्या कानावर पडतो तो रूढ अर्थ.

शाळामास्तर :
आणि पाणिनीची व्याख्या रूढ आहे?

मुक्ता_ज :
भांडू नका. आणखी एक गोष्ट सांगते, तिने माझी अडचण वाढवली. डिकिन्सनने स्वतः अनेक ठिकाणी पर्यायी शब्द खोडलेच नाहीत. शब्दाजवळ बारीक अधिकचं चिन्ह करायची आणि कवितेखाली पर्याय लिहून ठेवायची. तिच्या मृत्यूनंतर 1890 मध्ये पहिलं पुस्तक निघालं तेव्हा संपादकांनी एकेक शब्द निवडला, विरामचिन्हंही बदलली. सुझन हाऊ ही कवयित्री 1985 पासून त्या हस्तलिखितांच्या बाजूने भांडते आहे. जेन बर्विन या कलावंत बाईने तर शब्द बाजूला ठेवून फक्त ती अधिकची चिन्हं आणि रेघा लाल रेशमी धाग्याने भल्यामोठ्या गोधड्यांवर भरल्या. आणि खरी खाडाखोड केली ती दुसऱ्याच कुणीतरी. डिकिन्सनची वहिनी सुझन, तिच्यावरच्या एका कवितेवर गडद शाई फिरवलेली आहे.

म्हणजे एकाच लेखात तीन कृती आल्या : शाई फिरवणं, संपादकाचं गाळणं आणि कवीचं राखणं. तिन्हींना 'खोडणं' म्हटलं तर लेखाचा मुद्दाच बुडतो. होम्स शब्द उडवते, पण तिचं लक्ष राखण्यावर आहे. मला नावात ते राखणं हवंय.

वैनगंगा :
मग 'वेचकविता' घे. शाळेच्या पुस्तकात 'वेचा' असायचाच.

लेखणीबहाद्दर :
शाई फिरवण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे : हरताळ. हे एक पिवळं खनिज. पोथीत चुकलेल्या अक्षरावर ही पिवळी हरताळ फासायचे आणि वाळली की वर दुरुस्त अक्षर लिहायचे. आमच्या घरच्या पोथीत असे पिवळे पट्टे आहेत. एका पट्ट्याचा पोपडा उडालाय, खालचं चुकलेलं 'ध' दिसतं. 'हरताळकविता' कशी वाटते?

सुधाकाकू :
हरताळ म्हणजे बंद ना? दुकानं बंद ठेवतात तो.

अक्षरवेध :
तो हरताळ वेगळा. हट्ट म्हणजे बाजार, त्याला ताळा, म्हणजे कुलूप. पोथीतली हरताळ संस्कृत हरितालापासून.

शाळामास्तर :
मला वाटतं 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार बंदवरूनच आला असावा. सगळं काम बंद पाडलं, म्हणून हरताळ फासला.

लेखणीबहाद्दर :
मास्तर, बंद पाळतात. फासतात ते शेंदूर, काळं, चुना. क्रियापदच सांगतंय की हा रंग आहे. 'नियमांना हरताळ फासला' म्हणजे अक्षरं झाकून टाकली.

शाळामास्तर :
क्रियापदाचा मुद्दा बिनतोड आहे. पण मग हरतालिका कुठून आली? तिचाही त्या पिवळ्या रंगाशी संबंध असणार.

सुधाकाकू :
छे, हरतालिकेच्या कहाणीत पार्वतीला सखी रानात घेऊन जाते. आलिका म्हणजे सखी. हरण केलं सखीने, म्हणून हरतालिका. आमच्या गुरुजींनी असंच सांगितलं होतं.

मुक्ता_ज :
मंडळी, मजकूर सोमवारी छपाईला जातोय. 'वेचकविता' पक्कं करू का? 'हरताळ'वर वेगळा धागा काढा ना.

अक्षरवेध :
लोपकाव्याचा विचार व्हावा, एवढंच पुन्हा म्हणेन. लेखणीबहाद्दर, तुमच्या पोथीचा फोटो टाकता येईल का? 'ध'चा.

लेखणीबहाद्दर :
रविवारी गावी जातोय, तेव्हा टाकतो. ज्यांच्या घरी अशा पोथ्या आहेत त्यांना एक विनंती : पिवळ्या पट्ट्यावर बोट फिरवू नका आणि पान उलटायला थुंकी लावू नका. हरताळात आर्सेनिक असतं. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा.