मदत हवी आहे: सर्व्हरची १६ जीबी रॅम पुरेशी आहे की कमी पडते?

लिनक्स फाइल सर्व्हर, रॅम १६ जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ४ जीबी. 'फ्री' कमांडमध्ये मोकळी मेमरी जेमतेम ४०० एमबी दिसते. त्यावर जाऊ नका, उरलेली रॅम कर्नल (लिनक्सचा गाभा) फाइल कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवायला, वापरतोच. 'अव्हेलेबल' रकाना (गरज पडल्यास मिळू शकणारी मेमरी) दिवसा ६ जीबीच्या आसपास असतो, म्हणजे दिवसाची काळजी नाही.

अडचण रात्रीच्या बॅकअपची. 'व्हीएमस्टॅट ५' (दर पाच सेकंदांनी मेमरीचे आकडे दाखवणारी कमांड) चालू ठेवून पाहिलं (पहिली ओळ सोडून, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते). एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये गेलेला डेटा) रकान्यात सुरुवातीची दहा मिनिटं आकडे येतात, मग शून्य. एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये परत आलेला डेटा) मात्र सकाळी लोक कामाला लागले की वर जातो आणि फाइल उघडायला वेळ लागतो. स्वॅप १.५ जीबी भरलेला राहतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) ओओएम किलरची (मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणाऱ्या यंत्रणेची) एकही नोंद नाही.

माझा अंदाज: रॅम कमी नाही, बॅकअपच्या वाचनाने कॅश फुगते आणि निवांत पडलेल्या प्रोसेस स्वॅपमध्ये ढकलल्या जातात. स्वॅपिनेस (कर्नल किती सहज स्वॅप वापरतो ते ठरवणारा आकडा) ६० आहे, तो १० करावा, की बॅकअपलाच सीग्रुपची (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीची) मेमरी मर्यादा घालावी? मर्यादेत कॅशही मोजली जाते, तेव्हा किती ठेवावी? आणि रॅम वाढवायचा निर्णय घेण्याआधी प्रेशर फाइलमधला (मेमरीसाठी प्रोसेस किती वेळ अडकून राहतात ते दाखवणाऱ्या फाइलमधला) कोणता आकडा बघता?