युंगफ्राऊ, टिटलिस झालं असेल तर एंगाडीन

एकाने विचारलंय की स्वित्झर्लंडमधली युंगफ्राऊ आणि टिटलिस ही बर्फाची शिखरं पाहून झालीत, आता तीन दिवस हाताशी आहेत, तर कुठे जावं? माझं मत सरळ एंगाडीनला, म्हणजे स्वित्झर्लंडच्या आग्नेयेकडच्या खोऱ्याला. तिथल्या झेर्नेझ गावाला लागून स्विस नॅशनल पार्क आहे. स्थापना 1914 सालची, आल्प्समधलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, सुमारे 170 चौरस किलोमीटर. प्रवेश फुकट, स्वित्झर्लंडमध्ये हे दोनदा वाचावं लागतं!

नियम मात्र कडक. पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, कुत्रा साखळीला बांधूनसुद्धा नेता येत नाही. डबा उघडायचा तोही ठरवून दिलेल्या जागीच.

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस एस-चांफ गावाकडून उद्यानातल्या व्हाल त्रुपखुन या दरीत शिरलो. तो लाल हरणांच्या माजाचा काळ. नर दिसायच्या आधी ऐकू येतो. घसा बसलेल्या बैलाने हंबरावं तसा आवाज, आणि समोरच्या उतारावरून दुसऱ्याचं उत्तर. दुर्बीण न्याच, नाहीतर नुसते तपकिरी ठिपके दिसतील. मार्मोटची (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी) शीळ ऐकायची असेल तर जुलै-ऑगस्ट बरा, ऑक्टोबरपर्यंत ते बिळात गुडूप होतात. दाढीवालं गिधाड, आपल्या हिमालयातलंच, इथे 1991पासून पुन्हा सोडलं गेलं. हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि खातं. आम्हाला काही दिसलं नाही.

हिवाळ्यात उद्यान बंद असतं, तेव्हा डिसेंबरची विमानाची तिकिटं काढू नका.