रिलेशनल थेरपी म्हणजे नेमकं काय? जळगाव-भुसावळ भागात नवरा-बायकोसाठी समुपदेशक कसा शोधायचा?

हतनूर:
मु. भुसावळ, एकत्र कुटुंब. खटका उडाला की दोन-तीन दिवस अबोला, मग घरचे मध्ये पडतात. मारहाण नाही, व्यसन नाही. मोठ्यांचं म्हणणं, चार नातेवाईक बसवून मिटवू. आम्हा दोघांना मात्र समुपदेशकाकडे जायचंय. कुणी 'रिलेशनल थेरपी' लिहितं, कुणी 'कपल थेरपी', कुणी 'मॅरेज कौन्सेलिंग'. फरक काय? फोनवर काय विचारायचं? गावात ओळखीचे भेटतात, म्हणून ऑनलाइन चालेल का?

कपाशी:
ताई, 'रिलेशनल' हा शब्द दोन ठिकाणी वापरतात, म्हणून घोळ होतो. एक म्हणजे एकट्या माणसाची थेरपी. अमेरिकेत मनोविश्लेषक स्टीफन मिचेल यांनी 1980च्या दशकात मांडलेली ही धारा. बाहेरच्या नात्यांत जे घडतं ते समुपदेशकाशी वागतानाही उमटतं, आणि काम तिथेच चालतं. दुसरं म्हणजे जोडप्याची थेरपी, तुम्हाला हवी ती. फोनवर सरळ विचारा, "दोघांना एकत्र बसवून काम करता का?"

यात चूक कोणाची हे ठरवत नाहीत, फेरा शोधतात. एक जण विचारत सुटतो, दुसरा गप्प होतो. गप्प झाला म्हणून पहिला आवाज चढवतो, आवाज चढला म्हणून दुसरा खोलीबाहेर. बाहेरून हे बेफिकिरीसारखं दिसतं, पण गप्प बसलेल्याच्या छातीत बहुतेक वेळा धडधड चालू असते. नातेवाइकांच्या बैठकीत निकाल लागतो, फेरा तसाच राहतो, म्हणून महिन्याभरात पुन्हा तेच.

ईएफटी (इमोशनली फोकस्ड थेरपी, म्हणजे भावनांवर भर देणारी थेरपी; स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग, 1980चं दशक) ही पद्धत याच फेऱ्यावर काम करते. साधारण 8 ते 20 बैठका धरा. पहिली एकत्र, मग बहुधा प्रत्येकाची एक वेगळी, मग पुन्हा एकत्र. एक बैठक 50 ते 90 मिनिटांची. तीन बैठकांत फेरा कागदावरसुद्धा आला नसेल तर समुपदेशकाला तसं विचारा.

तोवर घरी एक करा. भांडण तापलं की थांबायचं, पण "पुरे झालं" म्हणून निघून जायचं नाही. "साडेनऊला गच्चीवर बोलू," असं वेळेसकट सांगून थांबायचं. किमान 20 मिनिटं, कारण शरीर निवळायला तेवढा वेळ लागतो. त्या वेळात मनात उत्तरं घोळवत बसलात तर उपयोग नाही. आणि ठरल्या वेळी परत आला नाहीत तर तो अबोलाच झाला, फक्त नाव नवं.

जुनी_एसटी:
शोधण्याबद्दल लिहितो. दोन गोष्टी वेगळ्या तपासा: नोंदणी आणि जोडप्यांसोबत कामाचं शिक्षण. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येतो. एमए मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू केलेले समुपदेशक त्या यादीत नसतात, म्हणून ते बोगस ठरत नाहीत. उलट यादीत नाव आहे म्हणजे जोडप्यांचं काम येतं, असंही नाही. पाटी मोठी, अनुभव नाही, असं आढळतं.

म्हणून विचारा: जोडप्यांचं प्रशिक्षण कुठलं, किती दिवसांचं? सध्या सुपरव्हिजन, म्हणजे त्यांच्या कामावर अनुभवी समुपदेशकाचं मार्गदर्शन, कोण देतं? उत्तरात 'गॉटमन लेव्हल एक' (गॉटमन दांपत्याच्या जोडपी-थेरपी पद्धतीच्या प्रशिक्षणाचा पहिला टप्पा) आलं तर ती सुरुवात आहे, प्रमाणपत्रापर्यंत पुढे बरंच असतं. सुपरव्हिजनचा प्रश्न ऐकून जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. फी, बैठकीची लांबी, रद्द केल्यास काय, हे पैसे भरण्याआधी ठरवा.

ऑनलाइन चालतं, पण एकत्र घरात दार बंद असलं तरी कान असतात. अनेक जोडपी उभ्या गाडीत बसून बैठक करतात. दोघे एकाच पडद्यासमोर, चेहरे दिसतील असे बसा, आणि ऐन भांडणात रेंज गेली तर कोण कोणाला फोन करणार ते आधी ठरवा. पुण्या-मुंबईचा समुपदेशक चांगला असला तरी आपलं भांडण अहिराणीत नाहीतर तावडीत होतं. त्यातला टोमणा प्रमाण मराठीत सांगताना अर्धा गळतो. बोली समजणारा मिळाला तर उत्तम. ओळखीची भीती असेल तर भुसावळकरांना जळगाव किंवा धुळे बरं पडतं.

सरकारी बाजू थोडक्यात: टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, मोफत, चोवीस तास, मराठीत. धीर आणि दिशा मिळते, आठवड्याच्या जोडप्याच्या बैठका मात्र नाहीत. झोप उडाली असेल, उदास वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयाची मनोविकार ओपीडी आधी.

मेहरूण_तलाव:
वर मारहाण नाही असं लिहिलंय, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी. धमकी, मारहाण किंवा जबरदस्ती असेल तर एकत्र थेरपी नको. बैठकीत खरं बोलल्याची शिक्षा घरी मिळते. तिथे आधी सुरक्षितता: 181 (महिला हेल्पलाइन), 112 (तातडीची मदत), किंवा संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005). दारूचं व्यसन असेल तर आधी त्यावर उपचार.

दुसरं, सासूबाई किंवा जेठ यांना पहिल्याच बैठकीला नेऊ नका. दोघांतला ताण तिसऱ्याकडे गेला की थोडा वेळ हलका वाटतो, मूळचा तसाच राहतो. कुटुंब-थेरपीतले अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन याला त्रिकोण म्हणत. घरचे लागलेच तर पुढे, समुपदेशक सांगेल तेव्हा.

हतनूर:
आभार. आमचे हे विचारताहेत, ते समुपदेशकाशी एकटे बोलले तर समुपदेशक ते मला सांगतील का?

कपाशी:
ताई, दादांना सांगा, पहिल्याच बैठकीत "तुमचा गुपितांचा नियम काय?" हे विचारायचं. काही समुपदेशक आधीच सांगतात की वेगळ्या भेटीत कळलेली, नात्यावर परिणाम करणारी गोष्ट ते लपवून ठेवणार नाहीत, ती स्वतः सांगायला तुम्हाला मदत करतील. काही जण वेगळी भेटच घेत नाहीत. दोन्ही चालतात. "बघू पुढे" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा. अडचण इथेच होते: एकाचं गुपित समुपदेशकाकडे अडकतं, त्याचं वागणं बदलतं, आणि दुसऱ्याला ते दोन बैठकांत जाणवतं. नियम लेखी मागितला तरी कोणी वाईट मानू नये. आणि दोघांची सही असल्याशिवाय नोंदी तिसऱ्याला देणार नाही, हेही त्याच कागदावर घ्या.