खेळाच्या जागेतलं रजिस्टर: ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी घसरगुंडीपाशी पुन्हा ढकलाढकली झाली, एका लहानग्याच्या ओठाला लागलं. अशा तक्रारी वाढल्यात. वॉचमनकडे एक रजिस्टर ठेवावं अशी सूचना आली आहे. कोणी मारलं, चावलं, ढकललं ते नावानिशी लिहायचं. तीन नोंदी झाल्या की पालकांना कमिटीपुढे बोलवायचं. मतं कळवा.

बी-४०३: माझा पूर्ण पाठिंबा. माझ्या मुलीच्या दंडावर दातांची खूण अजून आहे.

बी-२०१: चावला तो माझाच मुलगा. मी लगेच वर येऊन तुमच्याशी बोलले, तुम्हालाही माहीत आहे. पण अडीच वर्षांच्या पोराचं नाव वॉचमनच्या वहीत? घरी तो कधीच कुणाला मारत नाही हो.

डी-६०१: माझ्या मुलीला कुणी हात लावत नाही, पण रोज रडत वर येते. तिघीजणी तिला खेळायलाच घेत नाहीत. ते रजिस्टरमध्ये कसं लिहायचं?

सी-२०२: मी बालवाडीच्या ताईंना मुलांचं निरीक्षण करायला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बी-४०३ ताई, आधी मुलीचं सांगा. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या.

आता रजिस्टरचं. त्यात फक्त तक्रारी जमा होतील. जे मूल रोज दोन तास खाली असतं त्याच्या नोंदी जास्त, जे वीस मिनिटं येतं त्याच्या कमी. ज्याचं नाव एकदा चर्चेत आलं त्याच्यावरच सगळ्यांचे डोळे. पडलेल्याला कुणी उठवलं, स्वतःचा चेंडू दिला, ते कोणीच लिहिणार नाही. अशा वहीवरून कुठल्याही मुलाबद्दल काही ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

वयाचाही विचार हवा. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ साली अमेरिकेत मिनेसोटाला आयांकडून मुलांच्या रागाची रोजनिशी ठेवून घेतली होती. मूल कधी चिडलं, कशावरून, किती वेळ. संतापाचा जोर सर्वात जास्त दिसला तो वयाच्या दुसऱ्या वर्षात, नंतर तो उतरत गेला. कॅनडात रिचर्ड ट्रेंब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांनाही हेच दिसलं की मारणं-चावणं शाळेच्या आधीच्या वयात शिगेला पोचतं आणि बहुतेकांचं पुढे कमी होत जातं. काही थोड्या मुलांचं होत नाही, त्यांना खरंच मदत लागते. पण ती मुलं ओळखायला कित्येक महिन्यांचं चित्र लागतं.

बी-४०३: म्हणजे चावलं तरी गप्प बसायचं?

सी-२०२: अजिबात नाही. जवळच्या मोठ्या माणसाने त्याच क्षणी थांबवायचं, आणि ज्याला लागलंय त्याच्याकडे आधी जायचं. त्यासाठी वही लागत नाही.

ए-५०२: मी आयुष्यभर कारखान्यात क्वालिटी खात्यात होतो. मोजायचं तर आधी व्याख्या पक्की हवी. 'मारलं' म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं असेल तर आकड्याला अर्थ नाही.

सी-२०२: काका, अगदी हेच. अल्बर्ट बांदुरा यांचा १९६१ चा प्रयोग बघा. स्टॅनफर्डच्या बालशाळेतली ७२ मुलं, साधारण तीन ते पावणेसहा वर्षांची. मोठी माणसं फुगवलेल्या बाहुल्याला मारताना काहींना दाखवली, मग मुलं काय करतात ते पाहिलं. प्रत्येक मुलाकडे २० मिनिटं, दर ५ सेकंदांची वेगळी नोंद, म्हणजे एकेकाच्या २४० नोंदी. हातोडीने मारणं, नाकावर ठोसा, ठरावीक शब्द, प्रत्येकाचा रकाना वेगळा. तरीही बाहुल्याला मारणं म्हणजे खरी आक्रमकता का, हा आक्षेप त्यावर आजही घेतला जातो.

आपल्याकडे सर्वात जास्त घोळ होणार तो मस्तीच्या कुस्तीत. १९६७ मध्ये ब्लर्टन जोन्स यांनी बालशाळेतल्या मुलांचे चेहरे बारकाईने टिपले. खेळातल्या झटापटीत मुलं हसतात, पळतात, पुन्हा त्याच सवंगड्याकडे येतात. खऱ्या भांडणात कपाळाला आठ्या, रोखलेली नजर, आणि बहुधा मधे एखादी वस्तू. गॅलरीतून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

डी-६०१ ताई, तुमच्या मुलीचं दुःख खरं आहे आणि ते मोजताही येतं. 'तू आमच्यात नाहीस', 'तुला वाढदिवसाला बोलावणार नाही' ही नात्यावरून केलेली इजा. निकी क्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अगदी लहान मुलांसाठी शिक्षकांची प्रश्नावली केली, तिच्यात याचा वेगळा भाग आहे. आपण फक्त ओरखडे मोजले तर तुमच्या मुलीच्या नावापुढे कायम शून्य राहील.

डी-६०१: हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. थँक यू.

ए-३०४: आमच्या शाळेतून २५ प्रश्नांचा फॉर्म आला होता. तो सगळ्यांना देऊ या का?

सी-२०२: तो बहुतेक रॉबर्ट गुडमन यांचा, १९९७ चा असेल. भावना, वर्तन, चंचलता, सवंगड्यांशी अडचणी आणि मदतीची वृत्ती, प्रत्येकी ५ विधानं. लागू नाही ०, थोडंसं लागू १, नक्की लागू २. त्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट ही की मदतीच्या वृत्तीचे गुण वेगळे धरतात, अडचणींच्या बेरजेत मिसळत नाहीत. एकच मूल मायाळूही असतं आणि मारतंही. पण सोसायटीने असे फॉर्म गोळा करू नयेत. ते पालक, शाळा आणि डॉक्टर यांच्यात राहू देत.

आणि बी-२०१ ताई, 'घरी मारत नाही' हे तुमचं म्हणणं मला खरं वाटतं. १९८७ मध्ये आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र पाहिले. एकाच मुलाबद्दल आई आणि वडील यांची मतं बरीच जुळतात, सहसंबंध सुमारे ०.६० (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच मेळ नाही). पालक आणि शिक्षक यांची मात्र जेमतेम ०.२८. कुणी खोटं बोलत नाही, जागा बदलली की मूल वेगळं वागतं. आपल्या जागेत एकच झोका आहे आणि सहा वाजता वीसेक मुलं खाली असतात.

सेक्रेटरी: मग उलट करू. चांगलं वागणाऱ्यांना नोटीस बोर्डवर स्टार?

सी-२०२: कृपा करून नको. जर्मनीत लाइपझिगला वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये १८ महिन्यांच्या २४ बाळांसमोर कपड्याचा चिमटा पाडण्यासारखे प्रसंग घडवले. २२ बाळांनी एकदा तरी उचलून दिलं, कुणी न सांगता. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली लहान मुलं नंतर कमी मदत करतात. जे आपणहून येतंय त्याला मोल लावू नका.

सेक्रेटरी: पटलं. मग करायचं काय ते नेमकं सांगा.

सी-२०२: दोन आठवडे, साडेपाच ते साडेसहा. मुलांची नावं नाहीत, फक्त अंदाजे वय. एका मुलाकडे पाच मिनिटं, मग दुसऱ्याकडे, म्हणजे सगळ्यांना सारखा वेळ. लिहायचं काय: ओढणं-ढकलणं-चावणं, वगळणं, देणं-उठवणं-समजावणं. कुठे घडलं, कशावरून, मोठं माणूस मधे पडलं का, किती सेकंदांत मिटलं. हेलन डॉ यांनी १९३४ मध्ये लहान मुलांची २०० भांडणं अशी टिपली होती. सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आत संपली, आणि बरीचशी वस्तूवरून होती. सगळ्या पालकांची परवानगी आधी. एकानेही नाही म्हटलं तर त्या मुलाकडे पाहायचं नाही.

बी-२०१: माझी परवानगी आहे. त्या तासाला मी खालीच त्याच्या हाताच्या अंतरावर असेन.

बी-४०३: माझीही. नोंदी झोक्यापाशीच जास्त निघाल्या तर दुसरा झोका या वर्षीच्या बजेटमध्ये घ्या, हे आत्ताच लिहून ठेवते.

ए-५०२: तक्ता मी छापतो. पहिले दोन दिवस मी आणि ए-३०४ एकाच मुलाकडे बघून वेगवेगळं लिहू, मग ताळा करू. नोंदी जुळल्या नाहीत तर व्याख्या पुन्हा बसून ठरवायच्या, तोपर्यंतची पानं मोजणीत धरायची नाहीत.

सेक्रेटरी: ठीक. रजिस्टरचा विषय अजेंड्यावरून काढतो. परवानगीचा मेसेज आज रात्री टाकतो, रविवारपर्यंत उत्तर द्या.