आवाजाच्या लहान पॅकेटांमुळे राउटरवर येणारा ताण

प्रश्न:
आमच्या शाखेतून एका वेळी साधारण ३० संभाषणे आयपी फोनवरून चालतात. मुख्य कार्यालयाशी जोडणारी लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र जोडणी) ८ एमबीपीएसची असून ती निम्मीही भरत नाही, तरीही जुन्या राउटरचा सीपीयू ९० टक्क्यांवर जातो आणि आवाज तुटतो. हेडर कॉम्प्रेशन (प्रत्येक पॅकेटाच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्याच्या, सुरुवातीची पत्त्यासारखी माहिती आखडणे) सुरू केल्यावर ताण उलट वाढला. सकाळी आमच्याच सर्व्हरवरून वरच्या मजल्यावरील २० संगणकांना प्रशिक्षणाचा थेट व्हिडिओ जातो, तेव्हा स्थिती आणखी बिघडते. राउटर न बदलता काय करता येईल?

उत्तर १:
राउटरचे कष्ट किती बाइट गेले यापेक्षा किती पॅकेटे गेली यावर अधिक ठरतात. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाज डिजिटल रूपात आणण्याच्या पद्धतीत) दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे १६० बाइट होतात, त्यांवर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या नेटवर्क प्रोटोकॉलांचे (माहिती पाठवण्याच्या नियमांचे) ४० बाइटांचे हेडर चढते, आणि अशी ५० पॅकेटे दर सेकंदाला एका दिशेने जातात. म्हणजे ३० संभाषणांची दोन्ही दिशांची मिळून ३००० पॅकेटे झाली, ज्यांचा भार एका दिशेला जेमतेम २.४ एमबीपीएस आहे. कॉम्प्रेशनमुळे ४० बाइटांचे हेडर २ ते ४ बाइटांवर येते खरे, परंतु प्रत्येक पॅकेटामागे राउटरला जादा काम पडते. ही सोय अतिशय मंद लाइनसाठी आहे. आपल्या लाइनवर जागा शिल्लक असल्याने ती आधी बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर फोनमध्ये पॅकेटाचा कालावधी ३० मिलिसेकंद ठेवल्यास पॅकेटे एकतृतीयांशाने घटतील. विलंब १० मिलिसेकंदांनी वाढेल, पण एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषणात तो जाणवत नाही.

उत्तर २:
व्हिडिओ मल्टिकास्टने (एकच प्रवाह अनेकांना एकदम पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवावा. आज तोच प्रवाह राउटरमधून २० वेळा जात असणार. मल्टिकास्टमध्ये तो वरच्या मजल्याकडे एकदाच जाईल आणि प्रती स्विच काढेल. मात्र स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टावर प्रवाह मागितला आहे हे स्विचने ओळखण्याची सोय) सुरू असल्याची खात्री करावी, अन्यथा ज्यांनी तो मागितलेला नाही त्या पोर्टांवरही प्रवाह पसरेल.

प्रश्नकर्ता:
कॉम्प्रेशन दोन्ही टोकांना बंद करताच संभाषणे सुरळीत झाली. मल्टिकास्टसाठी सर्व्हरची मांडणी बदलावी लागेल, ती रविवारी करतो. आपले दोघांचे मनापासून आभार.