पश्चिमेच्या भिंतीचं साइडिंग सुटलंय

नमस्कार मंडळी,
आम्ही मागच्या वर्षी इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला १९५८ सालचं घर घेतलं. परवाच्या वाऱ्यात पश्चिमेच्या भिंतीवरचे व्हायनिल साइडिंगचे (भिंतीला बाहेरून लावायच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या) दोन पॅनल खालून सुटले. रात्रभर फडफडत होते, धाकटी दोनदा दचकून उठली. एक कंत्राटदार बघून गेला, म्हणतो अख्खी भिंत बदला. तूर्त समोरूनच चार स्क्रू मारून टाकू का? कोणी घरच्या घरी केलंय?

---

स्क्रू मारू नका, कळकळीने सांगतो. व्हायनिल उन्हात पसरतं, थंडीत आखडतं. साडेबारा फुटी पॅनलमध्ये हा फरक अर्ध्या इंचापर्यंत जातो. म्हणून ते भिंतीवर घट्ट ठोकत नाहीत, टांगतात. वरच्या कडेला लांबट खाचा असतात, खिळा खाचेच्या मधोमध बसतो आणि त्याच्या डोक्याखाली डाइमच्या (दहा सेंटच्या नाण्याच्या) जाडीएवढी फट ठेवतात. समोरून स्क्रू मारलात की पॅनल जखडतं, जुलैत त्याला फुगे येतात, शिवाय भोकातून पाणी आत जातं.

बहुतेक नुसती पकड सुटली असेल. हार्डवेअरच्या दुकानात झिप टूल मिळतं, म्हणजे टोकाला आकडा असलेली पोलादी पट्टी. सुटलेल्या पॅनलची खालची कड तिने खाली ओढायची आणि तळहाताने दाबत पुढे सरकायचं, की ती खालच्या पॅनलच्या वरच्या पन्हळीत खटकन बसते. पण पॅनल वरूनही हलत असेल तर खिळे उपटलेत. मग त्याच्या वरच्या पॅनलची पकड सोडवून आत बघा. जुन्या भोकात परत ठोकू नका, शेजारी स्टड (भिंतीच्या आतला उभा लाकडी खांब) शोधून दोन इंची गॅल्व्हनाइज्ड रूफिंग खिळे मारा, साधारण दर १६ इंचांवर एक. स्क्रूड्रायव्हर टोचून लाकूड मऊ लागलं तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. आमच्याकडे छताच्या कडेची पन्हळ तुंबली होती.

आता जुन्या घराचं. मी पॅनल उचललं तेव्हा आत गांधीलमाश्यांचं वाळकं पोळं निघालं आणि मागे नागमोडी कडेच्या राखाडी फरश्या. अॅस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते) सिमेंटच्या होत्या. तशा दिसल्या तर ड्रिल नको, तोडफोड नको, आधी तपासणी. लाकडावर जुना रंग दिसला तरी घासू नका. १९७८ पूर्वीच्या घरांत तो शिशाचा असू शकतो, आणि तुमच्याकडे लहान मूल आहे.

घाईही नको. कडाक्याच्या थंडीत व्हायनिल काचेसारखं तडकतं. पन्नास अंश फॅरनहाइटचा दिवस येईपर्यंत मास्किंग टेपने धरून ठेवा.

---

काका, काल केलं. वरचे खिळे शाबूत होते, नुसती पकड निसटली होती. वीस मिनिटांत दोन्ही पॅनल बसले. एकाचा कोपरा फुटलाय. नव्याचा रंग जुळेना, म्हणून गॅरेजमागचा एक काढून इथे लावीन आणि नवा तिथे, तिकडे कोणी बघत नाही. काल रात्री वारा होता, पण धाकटी सकाळपर्यंत झोपली. मनापासून आभार.

झिप टूल रविवारी मराठी शाळेत घेऊन येतो, कोणाला हवं असेल तर सांगा.