मोडी कागदपत्रे स्कॅन करताना फाइल कोणत्या प्रकारात जतन करावी?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. आमच्या घरी मोडी कागदपत्रांचे काही रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने त्यांत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील जमिनीच्या नोंदी मिसळलेल्या आहेत. सोबत थोडे जुने कृष्णधवल फोटोही आहेत. आमच्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून यंदा पावसाआधी सर्व स्कॅन करून ठेवायचे आहे. दुकानदार सगळी पाने ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पीडीएफमध्ये करून देतो म्हणतात, तर भाच्याच्या मते जेपेग पुरेसे आहे. पुढे कोल्हापुरातील एका मोडी वाचकांकडे प्रती पाठवायच्या आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (बेळगाव)

मूळ प्रतीसाठी टिफ (TIFF) हाच प्रतिमा-फाइलचा प्रकार निवडावा आणि त्यात एलझेडडब्ल्यू (LZW) हे कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याची पद्धत, ठेवावे, कारण त्यात आकार थोडा कमी होतो, पण एकही पिक्सेल बदलत नाही.

जेपेगला माझा विरोध मोडीच्या स्वभावामुळे आहे. मोडीत शिरोरेषा आधी ओढून मग लेखणी फारशी न उचलता अक्षरे लिहिलेली असतात, शब्दांमध्ये अंतर नसते, आणि दोन अक्षरांमधला फरक कित्येकदा एखाद्या लहान गाठीवर किंवा वळणावर ठरतो. जेपेग प्रतिमेचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातील सूक्ष्म तपशील कमी करते, त्यामुळे गर्द शाई आणि फिकट कागद जेथे भेटतात नेमक्या त्या कडांभोवती करडे ठिपके उमटतात. चेहऱ्याच्या फोटोत ते सहसा जाणवत नाहीत. मोडी वाचणाऱ्याला मात्र तेथेच अडखळावे लागते. शिवाय जेपेग फाइल उघडून, दुरुस्त करून पुन्हा जतन केली की आणखी थोडा तपशील जातो.

स्कॅन २४ बिट रंगीतच करावे. शाई काळी असली तरी शिक्के, लाल खुणा आणि ओलीचे डाग रंगामुळेच वेगळे ओळखू येतात. रिझोल्यूशन किमान ३०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) असावे, बारीक अक्षरांसाठी ४००. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे होते आणि कॉम्प्रेशनशिवाय सुमारे २६ एमबी जागा घेते. ६०० डीपीआयला हीच जागा चौपट लागते. फोटो आकाराने लहान असतील तर त्यांना मात्र ६०० द्यावे.

उत्तर २ (निपाणी)

दुकानातील ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पीडीएफ कृपया स्वीकारू नये. त्या सेटिंगमध्ये प्रत्येक पिक्सेल केवळ काळा किंवा पांढरा ठरतो, त्यामुळे फिकट झालेली शाई नाहीशी होते आणि डाग अक्षरांसारखे काळे होतात. याहून गंभीर गोष्ट २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिली: झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत जेबिग-२ कॉम्प्रेशन सारख्या दिसणाऱ्या खुणा एकच समजून एकीच्या जागी दुसरी बसवत होते, आणि स्कॅनमध्ये ६ चा ८ झालेला आढळला. सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठ्यांच्या नोंदींत असा बदल झाला, तर पान स्वच्छ दिसत असल्याने तो कोणाच्या लक्षातही येणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. काही लांब कागद स्कॅनरवर मावत नाहीत, म्हणून त्यांचे फोटो मोबाइलने जेपेगमध्ये काढले आहेत. ते टिफमध्ये बदलून ठेवावेत का? आणि कोल्हापूरला प्रती व्हॉट्सॲपवर पाठवल्या तर चालतील का?

उत्तर ३ (चिकोडी)

जेपेगचे टिफ केल्याने गेलेला तपशील परत येत नाही, केवळ फाइल मोठी होते. मोबाइलमधून निघालेली फाइल जशी आहे तशीच मूळ म्हणून ठेवावी आणि फिरवणे, कापणे, उजळवणे ही सर्व कामे तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावीत. फोन साथ देत असेल तर उरलेले कागद रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली प्रतिमा) सेटिंगवर, दिवसाच्या उजेडात आणि फोन कागदाला समांतर धरून टिपावेत.

वाचकांना पाठवण्यासाठी टिफची गरज नाही. टिफवरून ९० च्या आसपास क्वालिटीचे जेपेग काढावे, पिक्सेल कमी करू नयेत, आणि व्हॉट्सॲपवर ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवल्यास ॲप ते पुन्हा दाबते. डॉक्युमेंट मात्र जसेच्या तसे पोहोचते. फाइलच्या नावात रुमालाचा आणि पानाचा क्रमांक घालावा, आणि पानाला मागची बाजू असेल तर कोरी दिसली तरी तीही टिपावी, कारण शेरे बरेचदा तेथेच लिहिलेले असतात.